वेबसाइट वापरायला सोपी आहे का, हे कसे तपासतात?

वीजबिल भरण्यासाठी वेबसाइट उघडली, पण ‘बिल भरा’ हे बटणच सापडत नाही. अशा वेळी अनेकांना वाटते, ‘आपल्यालाच जमत नाही.’ पण दोष बहुतेकदा वेबसाइटच्या रचनेत असतो. तो शोधण्याच्या काही ठरलेल्या पद्धती आहेत.

काय मोजतात?
आयएसओ ९२४१-११ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार तीन गोष्टी पाहतात: काम पूर्ण झाले का, त्यासाठी किती वेळ व श्रम लागले आणि वापरणाऱ्याचे समाधान झाले का.

१. तज्ज्ञांकडून तपासणी
याकोब नील्सन आणि रॉल्फ मोलिक यांनी १९९० मध्ये ही पद्धत मांडली. काही ठरलेल्या निकषांवर तज्ज्ञ वेबसाइट तपासतात. पान उघडत आहे की अडकले आहे, हे कळते का? चूक झाल्यास मागे जाता येते का? खर्च कमी येतो, पण तज्ज्ञाला जे सोपे वाटते ते सर्वांनाच सोपे वाटेल असे नाही.

२. प्रत्यक्ष वापरणाऱ्यांची चाचणी
ही सर्वांत महत्त्वाची पद्धत. व्यक्तीला एक काम देतात, उदाहरणार्थ, ‘मागच्या महिन्याची पावती डाउनलोड करा’. काम करताना मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगतात. निरीक्षक मदत न करता ती कुठे थांबते, कुठे चुकते याची नोंद घेतो. नील्सन यांच्या मते, पाच जणांच्या चाचणीतून सुमारे ८५ टक्के अडचणी समोर येतात. मात्र ज्येष्ठ नागरिक आणि विद्यार्थी अशा वेगळ्या गटांची चाचणी स्वतंत्रपणे घ्यावी लागते.

३. प्रश्नावली
जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये तयार केलेल्या ‘सिस्टिम युजेबिलिटी स्केल’मध्ये १० विधाने असतात. उत्तरांवरून ० ते १०० गुण मिळतात. हे गुण म्हणजे टक्केवारी नव्हे. साधारण ६८ ही सरासरी मानतात. वेबसाइट अवघड आहे हे गुणांवरून कळते, पण नेमकी अडचण कुठे आहे ते कळत नाही.

घरच्या घरी कशी तपासाल?
तुमची स्वतःची वेबसाइट असेल, तर ती कधीही न पाहिलेल्या व्यक्तीच्या हातात मोबाइल द्या. एक काम सांगा आणि गप्प बसा. ‘वेबसाइट कशी वाटली?’ असे विचारले, तर लोक भिडेखातर ‘छान’ म्हणतात. खरे उत्तर त्यांचे बोट कुठे अडखळते, त्यात मिळते.