आबांचे बूट आणि तळव्यावरचा शिक्का

दिवाळीत गावी, पाटण तालुक्यात, माळा आवरताना एक पत्र्याची ट्रंक खाली काढली. आत नडगीपर्यंत येणारे, नाडीचे उंच बूट निघाले. चामडं वाळून लाकडासारखं झालेलं, नाडीच्या पितळी भोकांवर हिरवा थर, आणि आत वर्तमानपत्राचे बोळे. बाबा बघताक्षणी म्हणाले, "आबांचे. इटलीच्या लढाईतले." गावच्या शाळेत २६ जानेवारीला जुन्या वस्तूंचं प्रदर्शन असतं. बूट तिथे ठेवायचे ठरलं आणि शेजारची चिठ्ठी लिहायचं काम माझ्याकडे आलं.

आबा दुसऱ्या महायुद्धात फौजेत होते हे घरात सगळ्यांना ठाऊक. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी इटलीत लढल्या हाही नोंदलेला इतिहास आहे. १९४४ मध्ये यशवंत घाडगे आणि १९४५ मध्ये नामदेव जाधव यांना तिथल्याच पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यामुळे मीही बाबांची गोष्ट लगेच मान्य केली. संशोधनात आपण सगळेच ही चूक करतो. गोष्ट शक्य आहे म्हणजे ती घडली, असं धरून चालतो.

चिठ्ठी लिहायला बसलो तेव्हा बूट नीट पाहिले. त्या युद्धात ब्रिटिश आणि भारतीय फौजेतला नेहमीचा बूट म्हणजे 'अ‍ॅम्युनिशन बूट'. तो घोट्यापर्यंतचा, चामडी तळाचा. तळाला जाड डोक्याचे खिळे आणि टाचेला लोखंडी नाल. आमचे बूट त्याहून उंच, तळ रबराचा. बोटांच्या जागी चुंबक लावला तर चिकटला, म्हणजे आत पोलादी टोपी. शंका आली, पण एवढ्यावर निकाल देता येत नाही. फौजेत इतरही प्रकारचे बूट होते.

मग जुन्या टूथब्रशने तळवा घासला. टाचेजवळ एक पुसट शिक्का दिसू लागला: आयएसआय.

इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशन ही संस्था १९४७ ची. वस्तूंवर तिचं चिन्ह लावण्याचा कायदा १९५२ चा. इटलीतली लढाई १९४५ च्या मे महिन्यात संपली. प्रश्न मिटला.

मी भूशास्त्राचा विद्यार्थी. आमच्याकडे वालुकाश्माचं वय काढताना त्यातला सगळ्यात तरुण झिरकॉनचा कण शोधतात. खडक त्या कणापेक्षा जुना असूच शकत नाही. बाकीचे हजार कण कितीही म्हातारे असोत. इथे तो कण म्हणजे शिक्का. मात्र तो एकच बाजू सांगतो: बूट १९५२ च्या आधीचे नाहीत. नंतर कधीचे, हे सांगत नाही.

दुसरी बाजू वर्तमानपत्र सांगेल असं वाटलं. बोळ्यावर १९७१ चं साल होतं. पण रद्दी घरात वर्षानुवर्षं पडून असते. बोळा त्याच वर्षी कोंबला याला पुरावा काय? पेपराचं साल हे पेपराचं वय, बुटाचं नव्हे. हा पुरावा मी बाजूला ठेवला.

शेवटी आत्याला फोन लावला. ती बाबांपेक्षा दहा वर्षांनी मोठी. "आरं, ते व्हय? ते कोयनंच्या बोगद्यातलं. फौजंतनं आल्यावर आबा तिथं कामाला हुतं. भूकंपाच्या आदीच सोडलं त्यांनी."

कोयना प्रकल्पाचं काम १९५० च्या दशकात सुरू झालं. भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. आत्याला साल आठवत नव्हतं, पण भूकंपाच्या आधी की नंतर हे पक्कं आठवत होतं. मुलाखत घेताना हे लक्षात ठेवा: "कोणत्या साली?" असं विचारू नका, "दुष्काळाच्या आधी की नंतर?" असं विचारा. बोगद्यातल्या कामाशी पोलादी टोपीही जुळत होती.

बाबांना सांगणं अवघड गेलं. ते बराच वेळ बूट हातात घेऊन बसले. मग म्हणाले, "म्हणजे आबा इटलीला गेलेच नाहीत?"

तसं नाही. बूट इटलीचे नाहीत एवढंच सिद्ध झालं. आबा इटलीत होते की नव्हते याबद्दल हे बूट काहीच बोलत नाहीत. पुरावा एका विधानाला खोटं ठरवतो, त्याच्या शेजारच्या विधानाला नाही. तुमच्या प्रबंधातही ही रेघ सांभाळा. इटलीचा शोध आता फौजेच्या कागदपत्रांत घ्यायचा आहे, आणि त्यासाठीचा अर्ज बाबांनी स्वतःच्या हाताने लिहिला आहे.

शाळेसाठी चिठ्ठी अशी लिहिली: "कामाचे बूट. १९५२ ते १९६७ च्या दरम्यानचे. मुलीच्या आठवणीनुसार कोयनेच्या बोगद्यात वापरलेले." बाबांनी ती वाचली, पेन मागितलं आणि खाली एक ओळ वाढवली: "वापरणारा माजी सैनिक."