सुईचे भाषांतर

एखाद्या दवाखान्यात म्हाताऱ्या कुत्र्याच्या पाठीत सुया टोचलेल्या दिसतात. शेजारीच क्ष-किरण चित्र लटकत असते आणि टेबलावर वेदनाशामक गोळ्यांची पट्टी. 'हजारो वर्षांची चिनी परंपरा आणि आधुनिक पशुवैद्यक यांचा संगम' असे या उपचाराचे वर्णन केले जाते. आम्ही साहित्याचे वाचक. 'परंपरा' हा शब्द आला की मूळ संहिता कोणती, असे विचारण्याची आमची जुनी खोड आहे. तेच येथे विचारू.

चिनी पशुवैद्यकाची सर्वांत प्रसिद्ध संहिता म्हणजे मिंग काळात, १६०८ च्या सुमारास सिद्ध झालेला 'युआन-हेंग लियाओमा जी'. यू आडनावाच्या दोघा भावांचा हा अश्वचिकित्सेचा संग्रह. आपल्याकडील शालिहोत्राप्रमाणेच याही विद्येचा नायक घोडा. कारण राज्य, सैन्य आणि वाहतूक त्याच्या पाठीवर चालत. सुईबरोबर रक्तमोक्षण आणि डागणे हेही तिचे नित्याचे उपाय होते. दिवाणखान्यातला कुत्रा किंवा मांजर हा या विद्येचा मुख्य विषय नव्हता.

मग कुत्र्याच्या अंगावर हे बिंदू आले कोठून? उत्तर बरेच अलीकडचे आहे. जुलै १९७१ मध्ये अमेरिकन पत्रकार जेम्स रेस्टन यांच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया पेकिंगमध्ये झाली; नंतरचा त्रास सुयांनी शमल्याचे त्यांनी लिहिले. १९७२ मध्ये निक्सन चीनला गेले आणि अमेरिकेत सुयांविषयी कुतूहलाची लाट उसळली. कॅलिफोर्नियात काहींनी कुत्र्यांवर व घोड्यांवर प्रयोग केले आणि १९७४ मध्ये पशुवैद्यकीय ॲक्युपंक्चरची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. माणसाच्या देहावरील वाहिन्यांचा नकाशा प्राण्यांच्या देहावर उतरवण्यात आला. म्हणजे हे एक भाषांतरच होते. आणि भाषांतरात जे होते ते येथेही झाले. घोड्याला पित्ताशय नसते, तरी त्याच्या देहावर पित्ताशयाची वाहिनी रेखाटली गेली. माणसाच्या बोटांच्या टोकांशी संपणाऱ्या रेषांना एकाच खुरात जागा शोधावी लागली.

परंतु मूळ संहितेत नाही म्हणून ते खोटे, असे म्हणणे हाही पंडिती हट्टच होईल. भाषांतर मुळाबरहुकूम नसले तरी उपयोगी ठरू शकते. २००७ मध्ये ब्राझीलमधील संशोधकांनी मणक्याच्या चकतीच्या विकाराने ग्रस्त ५० कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीच्या औषधोपचाराला विद्युत-ॲक्युपंक्चरची जोड दिलेले कुत्रे लवकर चालू लागले, असा त्याचा निष्कर्ष. याच्या वर्षभर आधी, २००६ मध्ये, उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला होता. ही पद्धत स्वीकारावी वा नाकारावी यासाठी पुरेसा पुरावा नाही, असे त्याने म्हटले होते. एक आश्वासक प्रयोग अशा आढाव्याला छेद देत नाही. पुढच्या प्रयोगांची गरज मात्र दाखवतो.

अडचण आणखी खोल आहे. रोगी मुका आहे. 'बरे वाटते' हे त्याच्या वतीने आपण म्हणतो. २०१२ मधील एका अमेरिकन अभ्यासात सांधेदुखीच्या कुत्र्यांना औषधाविना गोळ्या दिल्या होत्या. पावलांचा भार यंत्राने मोजला तेव्हा सुधारणा नव्हती, तरी ती अनेक मालकांना दिसली, पशुवैद्यांनाही दिसली. माया पाहणाऱ्याच्या डोळ्यांत उतरते. म्हणून सुई गोळीच्या जोडीला असेल तर आमची हरकत नाही. मात्र तिच्या नादात गोळी वा शस्त्रक्रिया लांबणीवर पडली, तर त्याचे मोल मालक नव्हे, तो मुका जीव चुकवतो.

प्राचीनता हे काव्याचे भूषण असेल. औषधाचे प्रमाण नव्हे. ग्रंथाचे वय विचारण्याआधी कुत्रा उठून चालला का, हे विचारावे. आणि ते आपल्या डोळ्यांपेक्षा निर्मम अशा साधनाने मोजावे, एवढेच आमचे म्हणणे.