जोरपोखरीचं पाणी

सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत मी बत्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. उभयचरांचा धडा आला की फळ्यावर बेडूक काढायचे आणि शेजारी शेपटीवाला सॅलमँडर. पोरं विचारायची, "बाई, हा आपल्याकडे कुठे दिसतो?" दिसत नाही. सह्याद्रीत बेडूक आहेत, बिनपायाची देवगांडुळं आहेत. पण मोठेपणीही शेपूट राखणारा उभयचर पाहायचा तर पूर्व हिमालयात जावं लागतं. निवृत्त झाल्यावर पहिल्याच जूनमध्ये मी गेले.

दार्जिलिंगहून साधारण २० किलोमीटरवर, सुखियापोखरीजवळ जोरपोखरी आहे. नेपाळीत जोर म्हणजे जोडी, पोखरी म्हणजे तळं. इंग्रजांनी १८३५ मध्ये सिक्कीमच्या राजाकडून दार्जिलिंग घेतलं, पुढे उतारांवर चहाचे मळे चढले, १८८१ मध्ये रेल्वे आली. जंगल मागे हटत गेलं, आणि इथला सॅलमँडर डबक्याडबक्यांत उरला.

त्याला नाव मात्र दुसऱ्याच मुलखातून मिळालं. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे जॉन अँडरसन १८६८ मध्ये ब्रह्मदेशातून चीनच्या पश्चिम युन्नानला गेले होते. तिथल्या सॅलमँडरचं वर्णन त्यांनी १८७१ मध्ये छापलं आणि नाव दिलं टायलोटोट्रायटन व्हेरुकोसस. व्हेरुकोसस म्हणजे चामखिळींनी भरलेला. दार्जिलिंगचा प्राणीही कित्येक दशकं त्याच नावानं ओळखला गेला. २०१५ मध्ये संशोधकांनी पूर्व नेपाळातल्या इलामचे नमुने तपासून हिमालयातली जात वेगळी ठरवली : हिमालयानस. आपल्या देशातल्या प्राण्याला स्वतःचं नाव मिळायला इतका काळ जावा, याचं मला वाईट वाटतं.

तळ्यावरच्या रखवालदार दाजूंनी मला काठाशी बसवलं. "दिदी, हात लावू नका, नुसतं बघा." पाण्यात झुकलेल्या गवताच्या पात्याला एकच अंडं चिकटलं होतं. भिजलेल्या साबुदाण्यासारखं पारदर्शक, आत एक गडद ठिपका. बेडकासारखा अंड्यांचा पुंजका नाही. मादी एकेक अंडं जागा बघून चिकटवते. थोड्या वेळानं एक पूर्ण वाढलेला सॅलमँडर श्वास घ्यायला वर आला. जेमतेम वीतभर, काळपट तपकिरी, दोन्ही कुशींवर गाठींची रांग. मी फळ्यावर इतकी वर्षं काढलेलं चित्र किती गुळगुळीत होतं, ते तेव्हा कळलं.

थंडीभर हे प्राणी दगडाखाली, कुजक्या ओंडक्याखाली, पालापाचोळ्यात निपचित असतात. वळवाचे पहिले पाऊस पडले की तळ्याकडे निघतात. पाण्यात नर-मादी एकमेकांभोवती फिरतात. नर वीर्याची बारीकशी पुडी तळाशी सोडतो आणि मादी ती शरीरात ओढून घेते. पिल्लांच्या मानेशी पिसांसारखे कल्ले असतात. मग पाय फुटतात, कल्ले झडतात आणि ती जमिनीवर येऊन रानात शिरतात. म्हणजे तळं हे त्यांचं बाळंतपणाचं माहेर. वर्षाचा उरलेला काळ रानातच जातो.

१९८५ मध्ये जोरपोखरीला सॅलमँडरसाठी अभयारण्य झालं, क्षेत्र अवघं ४ हेक्टर. संरक्षण झालं, हे मोलाचंच. पण मी पाहिलं तेव्हा मोठ्या तळ्याचा काठ सिमेंटनं बांधलेला होता, मध्ये नागाचा पुतळा, पाण्यात बदकं. अंडं चिकटवायला गवत हवं आणि पिल्लाला बाहेर पडायला मातीचा उतार. सिमेंटचा काठ यातलं काहीच देत नाही. ज्याच्यासाठी जागा राखली, त्याचाच काठ आपण हिरावून घेतला, असं माझं स्पष्ट मत आहे.

एप्रिल ते जुलै त्या बाजूला जाणार असाल तर एवढं करा : पावसात, तिन्हीसांजेला, तळ्यालगतच्या रस्त्यावर गाडी अगदी हळू चालवा. त्या वेळी सॅलमँडर रस्ता ओलांडत असतात.