फाइलीला हात कोणी लावला?

नववीच्या गुणांची फाइल दर सोमवारी जुन्या रूपात परत यायची. शनिवारी भरलेले गुण गायब. संगणकाची आवड असलेल्या एका मुलावर मला संशय आला आणि मी त्याला सगळ्या वर्गासमोर दटावलं.

मग शोध घेताना लिनक्सचा एक जुना तंटा वाचायला मिळाला. लिनक्समध्ये कोणताही प्रोग्राम फाइलीला थेट हात लावत नाही. उघडणं, वाचणं, लिहिणं, सगळ्यासाठी कर्नलकडे अर्ज करावा लागतो. कोणत्या अर्जावर कोणतं फंक्शन चालवायचं, याचा एक तक्ता कर्नलकडे असतो. पूर्वी कर्नलमध्ये घातलेलं कोणतंही मॉड्यूल हा तक्ता सहज बदलू शकत असे. अँटिव्हायरसवाले त्यात आपलं फंक्शन बसवायचे, फाइल तपासायचे आणि अर्ज पुढे पाठवायचे. रूटकिट बनवणारेही नेमकं हेच करायचे, फक्त आपल्या फाइली यादीतून गाळण्यासाठी! चौकीदार आणि चोर एकाच खिडकीतून आत येत होते. शिवाय अशी दोन मॉड्यूलं चुकीच्या क्रमाने काढली, की यंत्रच कोसळू शकायचं.

२००२ मध्ये, कर्नलच्या २.५ मालिकेत, हा तक्ता मॉड्यूलांना देणं बंद झालं. मला हा निर्णय योग्यच वाटतो. पण प्रामाणिक चौकीदाराने उभं कुठे राहायचं? २००५ मध्ये २.६.१३ सोबत आयनोटिफाय आलं. ते फाइल बदलली हे सांगतं, कोणी बदलली हे सांगत नाही. माझी चूक नेमकी इथेच झाली होती. बदल दिसला आणि नाव मी माझ्या मनाने भरलं.

ही उणीव फॅनोटिफायने भरली. रेड हॅटच्या एरिक पॅरिस यांचं हे काम २०११ च्या सुरुवातीला २.६.३७ सोबत वापरात आलं. ते फाइलीला हात लावणाऱ्या प्रोसेसचा क्रमांक देतं. गरज पडली तर फाइल उघडणाऱ्याला दारातच थांबवून ठेवतं, चौकीदार 'हो' किंवा 'नाही' म्हणेपर्यंत.

माझ्या भाच्याने रविवारी रात्री ते लावून ठेवलं. क्रमांक सापडला. तो जुनी प्रत परत आणून ठेवणाऱ्या प्रोग्रामचा होता, आणि तो प्रोग्राम मीच हौसेने बसवून घेतला होता.

मंगळवारी पहिल्या तासाला, त्याच वर्गासमोर, मी त्या मुलाची माफी मागितली. तो म्हणाला, "सर, मला दाखवा ना, कसं पकडलंत ते."