गुप्त द्वार आणि खुली संहिता

मालवणनजीकच्या सिंधुदुर्गाचे बांधकाम शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये आरंभिले. त्याचे महाद्वार तटाच्या वळणात असे बसविले आहे की, ते बाहेरून सहसा दृष्टीस पडत नाही. संगणकाच्या मुक्त-स्रोत कार्यप्रणालीचे तत्त्व ह्याच्या नेमके उलट आहे. तिची संहिता कोणासही वाचता येते. अशा उघड्या दुर्गाचे रक्षण राज्यसंस्थेने कसे करावे?

अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने डिसेंबर २००० मध्ये ‘एसईलिनक्स’ ही योजना प्रसिद्ध केली. तीत प्रत्येक प्रक्रियेस नेमून दिलेल्या मर्यादेपलीकडे अधिकार नसतो. २००३ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात तिचा समावेश झाला. परकीयांचे संदेश टिपणाऱ्या संस्थेच्या संहितेवर विश्वास ठेवावा काय, ही शंका रास्तच होती. परंतु संहिता तपासणीस खुली असल्यामुळे तिचा स्वीकार कर्त्याच्या केवळ वचनावर अवलंबून राहिला नाही.

भारतात पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘सी-डॅक’ने २००७ मध्ये डेबियनवर आधारलेली ‘बॉस’ ही प्रणाली प्रसिद्ध केली. २०१५ मध्ये केंद्र शासनाने मुक्त-स्रोत प्रणालींना प्राधान्य देणारे धोरण स्वीकारले. तथापि प्रणाली स्वदेशी असणे म्हणजे ती सुरक्षित असणे नव्हे. खुली संहिता वाचणाऱ्यांच्या दक्षतेनेच सुरक्षित राहते; असे वाचक घडविणे हे शासनाचे खरे दुर्गकार्य होय.