जिस्ट कार्ड आणि मदरबोर्डाची निवड

डॉसच्या काळातील मराठी संगणकलेखनाचा इतिहास शोधताना केवळ जुन्या फाइली हाती लागून भागत नाही. १९९१ च्या भारतीय मानकातील ‘इस्की’ संकेत युनिकोडमध्ये उतरविता येतात. परंतु ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हा भेद लिहिणाऱ्यास पडद्यावर कसा दिसे, हे त्या रूपांतरावरून कळत नाही. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड ती अक्षरे घडवीत असे. ते ज्यात बसेल असा संगणक उभारणे म्हणूनच प्राप्त ठरते.

कार्डास आयएसए खाच हवी. आयबीएमने १९८१ साली आणलेली व १९८४ साली सोळा बिटांपर्यंत वाढविलेली ही खाच शतकाच्या अखेरीस लोपू लागली. इंटेलच्या ४४०बीएक्स चिपसेटवरील (१९९८) अनेक मदरबोर्डांवर ती आढळते, आणि संग्राहकांचा ओढा तिकडे असतो. आमच्या मते ही सोय फसवी होय. त्यांवरील प्रोसेसर इतके वेगवान असतात की, टर्बो पास्कलमध्ये रचलेले काही कार्यक्रम शून्याने भागाकाराची चूक दाखवून आरंभीच थांबतात. ४८६ चा मदरबोर्ड अधिक विश्वसनीय. मात्र त्यावर निकेल-कॅडमियमची बॅटरी असल्यास ती प्रथम काढावी. तिच्या गळतीने तांब्याच्या रेषा खाल्ल्या जातात.