परत फिरलेले रंगरूट

‘रिक्रूट’चा ‘रंगरूट’ आपल्याकडच्या पलटणींनी केला. रणांगणावर पडलेल्यांची मोजदाद लष्करी इतिहासात नीट होते. प्रशिक्षण अर्धवट टाकून घरी परतलेल्या रंगरुटाची मात्र फारशी दखल घेतली जात नाही. मला त्याचाच माग काढावासा वाटला.

१९७३ मध्ये अमेरिकेने सक्तीची सैन्यभरती थांबवली. भरती करणाऱ्यांच्या मानेवर आता महिन्याच्या कोट्याचे ओझे आले. मुलाने सही केली, छावणीत पोहोचला, की यांचे काम संपले. तो पुढे टिकेल की नाही, ही विवंचना प्रशिक्षकाची. मरीन दलात याचा परिणाम भयंकर झाला. मागे पडणाऱ्यांसाठी तिथे ‘मोटिव्हेशन प्लॅटून’ असे. डिसेंबर १९७५ मध्ये सॅन डिएगोच्या अशाच तुकडीत मुळात भरतीस अपात्र असलेल्या एका तरुणाला संगिनींच्या लुटुपुटीच्या लढाईत इतका मार बसला, की तो बेशुद्ध झाला आणि मार्च १९७६ मध्ये वारला. काँग्रेसमध्ये चौकशी झाली. त्या तुकड्या बंद झाल्या, प्रशिक्षकांवर अधिकाऱ्यांची देखरेख वाढली.

दलप्रमुख जनरल लुईस विल्सन एवढ्यावर थांबले नाहीत. संख्या घटली तरी चालेल, पण भरतीतले तीन चतुर्थांश तरुण शाळा पूर्ण केलेले हवेत, असा त्यांचा आग्रह होता. यामागे अनुभव होता: शाळा पूर्ण केलेल्यांच्या तुलनेत शाळा सोडलेल्यांची गळती जवळजवळ दुप्पट असे. पण हा प्रश्न हुशारीचा नव्हे. बाहेरून परीक्षा देऊन समकक्ष प्रमाणपत्र मिळवणारेही शाळा सोडलेल्यांइतकेच गळत. रोज कंटाळा येऊनही चार वर्षे वर्गात बसून राहण्याची सवयच छावणीत उपयोगी पडत असावी. (घर चालवण्यासाठी शाळा सोडलेल्या मुलावर ही चाळणी अन्याय करते, हे मला नाकारता येत नाही.)

तरीही मला अधिक मोलाचा वाटतो तो दुसरा बदल, ज्याची चर्चा कमी होते. १९७६ मध्ये भरतीची जबाबदारी प्रशिक्षण छावण्यांच्या सेनापतींकडेच सोपवण्यात आली. पॅरिस आयलंडच्या सेनापतीकडे पूर्वेची भरती, सॅन डिएगोच्या सेनापतीकडे पश्चिमेची. छावणीतून परत फिरलेला प्रत्येक रंगरूट आता त्याच सेनापतीच्या भरतीखात्यात तूट म्हणून दिसू लागला.